इंजिन खोलण्यापूर्वीं

मोटारीचें इंजिन थकलें म्हणजे तें खोलून नव्यानें बांधून घ्यावें, हा आपल्याकडील जुना प्रघात आहे. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या कित्येक वर्षें याच प्रघातावर जगल्या. त्यांचें चार सिलिंडरांचें, १०८९ सी. सी. चें इंजिन कारागिरांच्या हातांत पुरतें बसलेलें होतें. सिलिंडर बोअर करावे, मोठ्या मापाचे पिस्टन घालावे, क्रँकशाफ्ट घासून नवीं बेअरिंग्ज बसवावीं, कीं गाडी पुन्हां कामाला लागे. या कसबाविषयीं आम्हांस आदरच आहे. आमची तक्रार आहे ती उतावीळपणाविषयीं.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अशा टॅक्सीवर संसार चालवीत. गाडी चढावावर दम टाकूं लागली. कारागिरानें नुसता आवाज ऐकून ‘इंजिन गेलें’ असा निकाल दिला. घरांतील बांगड्या गहाण पडल्या, इंजिन बांधून झालें, आणि गाडी त्याच चढावावर पूर्वींप्रमाणेंच धापा टाकूं लागली ! पुढें एका वृद्ध मिस्त्रीनें डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून पाहिलें. पॉइंट जळलेले होते व ठिणगी उशिरा पडत होती. तासाभराचें काम निघालें. बांगड्या सुटावयास मात्र दोन वर्षें लागलीं.

हें टाळणें अवघड नव्हतें. सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा व प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें पाहावा. एखाद्याचा दाब कमी भरल्यास त्यांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा अथवा बोअर झिजले आहेत. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. धुराचीही साक्ष घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे, आणि त्यासाठीं आधीं कार्बोरेटर पाहावा, पिस्टन नव्हे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाहीं, तर पाणी आंत शिरत असल्याचा संशय धरावा. हल्लींच्या गाड्यांत संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवितो खरा. पण तो बहुधा लक्षणच सांगतो, आणि तेवढ्यावरून सुटे भाग बदलीत सुटणारी मंडळी आम्हीं पाहिलीं आहेत.

सगळा दोष कारागिराचाच असतो, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नव्या रिंगा सिलिंडरच्या ताज्या घासलेल्या भिंतीशीं जुळण्यास कांहीं शें किलोमीटर जावे लागतात. त्या अवधींत गाडीवर फार ओझें लादूं नये, ती भरधांव हांकूं नये, तासन् तास एकाच वेगानेंही चालवूं नये. आणि धातूचा बारीक कीस वाहून आणणारें पहिलें ऑइल लवकर बदलावें. पण इंजिन हातीं पडतांच सहकुटुंब घाट चढण्याची हौस आपणांस आवरत नाहीं, आणि पुढें ऑइल जळूं लागलें कीं शिव्या खातो बिचारा मिस्त्री.

म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, इंजिन खोलण्यापूर्वीं चारही सिलिंडरांच्या दाबाचे आंकडे कागदावर लिहून मागावे, आणि खोलल्यावर झिजलेले भाग स्वतः पाहावे. जो आंकडे देण्यास कुरकुर करील, त्याच्याकडे गाडी ठेवूं नये.