डिजिटल पियानोला ट्यूनर बोलावणाऱ्यांनो

डिजिटल पियानो उतरत नाही. तार असेल तर ती उतरेल. बेंगळुरूच्या पावसाळी हवेत तंबोरा उतरतो, मेसमधला जुना लाकडी पियानो उतरतो. त्याला ट्यूनर लागतो आणि त्या माणसाच्या कानाला सलाम. पण ज्या वाद्यात तारच नाही त्याचं ‘ट्यूनिंग’ करून पैसे घेणं, याला युनिटमध्ये एक शब्द आहे. इथे लिहीत नाही, वाचकांत मुलंही आहेत.

चिडायला कारण आहे. बँडमधून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक सुभेदार मेजर साहेब, मूळ कोल्हापूरकडचे, मुलाच्या नोकरीमुळे आता बेंगळुरूत राहतात. नातीसाठी त्यांनी वापरलेला डिजिटल पियानो घेतला. नातीची पेटी आणि पियानो काही जुळेनात. दुरुस्तीवाल्याने आधी ट्यूनिंगचे दोन हजार घेतले, दुसऱ्या खेपेला मेन बोर्ड गेलाय म्हणून अठरा हजार सांगितले. वर म्हणाला, “अंकल, वयाने कान जातो.” ज्यांनी हयात क्लॅरिनेटवर काढली त्यांना! क्लॅरिनेटवाला सी वाजवतो आणि ऐकू येतो बी फ्लॅट. एवढं ट्रान्सपोझिशन ज्यांच्या रक्तात, त्यांना हा कान शिकवणार. पियानोचं ट्रान्सपोज एक घर वर होतं, बस. आधीचा मालक गायकाच्या पट्टीसाठी ते लावून बसला असणार. काही मॉडेल बंद केल्यावर ही सेटिंग विसरतात, काही लक्षात ठेवतात. हे लक्षात ठेवणारं होतं.

आत काय असतं ते बघा. बहुतेक पियानोंत खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले स्वर मेमरीत असतात आणि ते किती वेगाने वाचायचे याचा ताल क्वार्ट्झ क्रिस्टल देतो. त्याची चूक साधारण दहा लाखांत काही दहा भाग. अर्धस्वराचे शंभर सेंट; त्यातला एक सेंट सरकायला दहा लाखांत 578 भाग लागतात. म्हणजे क्रिस्टल हळूहळू म्हातारा होऊन अख्खं वाद्य अर्धा स्वर चढलं, ही थाप आहे.

ज्याने रेंजवर रायफल झिरो केली आहे त्याला हे दोन मिनिटांत कळेल. ग्रुप घट्ट आहे पण बुलच्या बाजूला पडतोय? साइट हलवा. गोळ्या विखुरल्यात? साइटला हात लावू नका, कारण दुसरीकडे शोधा. तसंच इथे. सगळे स्वर सारखेच सरकलेत आणि फरक पूर्ण घराचा आहे, तर ट्रान्सपोज. फरक केसाएवढा आहे तर मास्टर ट्यूनिंग. कुणीतरी 440 चं 442 केलं की सगळं आठेक सेंट चढतं आणि बासरीवाला वैतागतो. सी मेजर गोड पण दुसऱ्या पट्टीत कडू, तर टेम्परामेंट बदललंय. फक्त अगदी वरचे आणि खालचे स्वर मोबाइलच्या ट्यूनरला खटकतात? तो दोष नव्हे, लाकडी पियानोची नक्कल म्हणून मुद्दाम दिलेला ताण असतो. स्वर लाटेसारखा हलतो, तर दोन आवाज एकावर एक चढवलेत किंवा कोरस चालू आहे. आणि जुन्या कॅसेटबरोबर वाजवत असाल तर आधी कॅसेटच्या वेगावर संशय घ्या.

आपली शास्त्रोक्त मंडळी म्हणतील, पियानो जन्मतःच बेसूर. गंधारापुरतं बरोबर आहे: समान टेम्परामेंटचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा. अशाच आक्षेपांपायी 1940 मध्ये रेडिओवरून पेटी हद्दपार झाली आणि 1971 पर्यंत दार उघडलं नाही. पण पेटीची सुरी एकदा घासली की घासली. अनेक डिजिटल पियानोंत मात्र शुद्ध गंधार देणारं टेम्परामेंट मेनूत पडून आहे, फुकट. पट्टीचा आधारस्वर सांगायला विसरू नका, नाहीतर भलताच स्वर बिघडेल. ज्या शहरात एचएएलमध्ये काम केलेल्या राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला, तिथे आपण मॅन्युअलचं एक पान उलटायचा कंटाळा करतो आणि अठरा हजार मोजायला तयार होतो.

फॅक्टरी रीसेट हा सगळ्यांचा लाडका उपाय. करा, पण आधी प्रत्येक सेटिंग कागदावर उतरवा. मुलांची रेकॉर्डिंगंही त्यात पुसली जाऊ शकतात.

आणि बोर्ड गेला म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून लेखी घ्या: कोणता स्वर, किती सेंट, वर की खाली. बोर्ड खरंच जातात. तेव्हा स्वर गायब होतात, खरखर येते, पियानो चालूच होत नाही. अख्खं वाद्य शिस्तीत एक घर वर सरकून वाजत राहत नाही. पेन्शनर मंडळींनी पैसे देण्याआधी मला फोटो पाठवा, डिस्प्लेचा.