टेस्ट किट ‘शून्य’ म्हणते, पण खरे किती?

टँक वर्षभर जुना. मासे भरपूर, खाद्य दिवसातून दोनदा, पाण्यात एकही वनस्पती नाही. तरी नायट्रेट शून्य! मालक निश्चिंत होतो आणि पाणी बदलणे लांबणीवर टाकतो. पुढे मासे मलूल झाले की बोल लागतो किटला किंवा दुकानदाराला. दोष मात्र अनेकदा घाईचा असतो.

चूक कुठे होते?

थेंबांच्या अनेक नायट्रेट किटमध्ये एका बाटलीत जस्ताची बारीक पूड असते. ती नायट्रेटचे नायट्राइट करते, तेव्हाच लाल रंग उमटतो. बाटली पडून राहिली की पूड तळाशी बसते. म्हणूनच ती 30 सेकंद जोरात हलवा, मग नळी मिनिटभर हलवा आणि 5 मिनिटे थांबा, अशा सूचना असतात. त्या टाळल्या की आकडा खोटा आणि कमी येतो. असा खोटा दिलासा मोठ्या आकड्यापेक्षा घातक, कारण त्यानंतर कोणी काही करत नाही.

अमोनियासोबत पीएचही पाहा

किट सहसा एकूण अमोनिया दाखवते. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल, तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का अतिविषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आकडा तोच, धोका सुमारे दहापट.

एवढे पाळा

• नळी टँकच्याच पाण्याने विसळा, रेषेपर्यंत नेमकी भरा.
• बाटली सरळ उलटी धरा. तिरकी धरल्यास थेंब लहान-मोठे पडतात.
• नळीचे तोंड बोटाने नव्हे, झाकणाने बंद करा.
• रंग पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात जुळवा.
• मुदत तपासा. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी ठेवू नका.

आकडा फार मोठा वाटला, तर टँकचे पाणी आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात मिसळून पुन्हा मोजावे. तो साधारण निम्मा यायला हवा.

विक्रेत्यांनीही किट नुसते हातात न देता एकदा चाचणी करून दाखवावी, सूचना मराठीत द्याव्यात. काही मिनिटांचे काम आहे. आणि मालकांनी औषधाची बाटली उघडण्याआधी चाचणी पुन्हा करावी. चुकीच्या आकड्यावर केलेला उपचार माशांनाच भोवतो.