मांडणी आणि माळा

वस्तू जमविणे सोपे असते. जमविलेल्या वस्तूंपैकी रोज लागणारी कोणती आणि क्वचित लागणारी कोणती, हे ठरविणे कठीण असते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. स्वयंपाकघरातील मांडणीवर रोजची भांडी असतात, तर चवथीच्या पंगतीला लागणारी मोठी पातेली आणि पराती माळ्यावर असतात. माळ्यावरचे पातेले कोणी टाकून दिलेले नसते. वेळ आली की ते खाली येते. परंतु ते रोज पायात येत नाही, आणि चहाचे आधण ठेवणाऱ्या मुलीला दहा पातेली बाजूला सारावी लागत नाहीत. हीच साधी व्यवस्था शाळेतील संगणकालाही लावावी, असे मला वाटते. तोच विचार विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे येथे मांडावयाचा आहे.

संगणक सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यातील एका खुणेवर टिचकी मारून आपण प्रोग्रामांची यादी उघडतो. ह्या यादीला मेनू म्हणतात. उपाहारगृहातील मेनूवर एकच पदार्थ तीन नावांनी लिहिलेला असेल, तर गिऱ्हाईक गोंधळून जाईल. संगणकाच्या मेनूत मात्र असा प्रकार नित्य आढळतो, आणि त्यामागे एक इतिहास आहे. लिनस टोर्वाल्ड्स ह्यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पुढे १९९६ साली केडीई आणि १९९७ साली नोम, असे त्यावर पडदा सजविणारे दोन निरनिराळे प्रकल्प सुरू झाले. दोन्ही प्रकल्प स्वाभिमानी! त्यामुळे प्रत्येकाने आपापला संसार संपूर्ण थाटला. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, चित्रे पाहण्याचा प्रोग्राम, कागदपत्रे वाचण्याचा प्रोग्राम, गणनयंत्र, फाइली लावण्याचे कपाट, असे सर्व काही प्रत्येकाने स्वतःचे केले. एकाच यंत्रावर हे दोन्ही संसार मांडले की मेनूत प्रत्येक कामाला दोन-दोन प्रोग्राम उभे राहतात. त्यांत उत्साही माणसाने सहज म्हणून घातलेल्या आणखी काहींची भर पडते, आणि मग त्या गर्दीत हवे ते सापडत नाही.

ह्यांत एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. काय बिघडते ते पाहू. मुलाला निबंध लिहावयाचा आहे. मेनूत लिहिण्याचे चार प्रोग्राम आहेत. त्यांपैकी साध्या मजकुराचा प्रोग्राम त्याच्या हाती लागतो. मग शीर्षक ठळक कसे करावे, हे त्याला काही केल्या सापडत नाही, कारण ती सोय त्या प्रोग्रामात मुळातच नसते. दुसरी मुलगी गणिताचे उदाहरण सोडवू पाहते आणि लिब्रेऑफिस मॅथ उघडते. नावावरून ते गणित सोडविणारे यंत्र वाटते. वस्तुतः तो केवळ सूत्रे सुबकपणे लिहिण्याचा प्रोग्राम आहे. तिसरा मुलगा गिम्पमध्ये चित्र काढतो. २०१२ साली आलेल्या २.८ ह्या आवृत्तीपासून गिम्प 'जतन करा' म्हटल्यावर चित्र आपल्या स्वतःच्या प्रकारातच ठेवतो. सर्वत्र उघडणारे चित्र हवे असेल तर 'निर्यात' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. पुढच्या आठवड्यात तेच चित्र हा मुलगा दुसऱ्या, साध्या प्रोग्रामात उघडू पाहतो, तेव्हा ते उघडत नाही, आणि आपले चित्र नाहीसे झाले असे त्याला वाटते.

ह्या तिघांपैकी कोणाचीही बुद्धी कमी नाही. परंतु तास असतो ४० मिनिटांचा, आणि एका यंत्रापाशी दोघे-तिघे बसलेले असतात. ज्याच्या घरी संगणक आहे, तो सवयीने नेमकी खूण टिपतो. माउस त्याच्याच हाती जातो आणि राहतो. ज्याला संगणक फक्त शाळेतच दिसतो, तो यादी वरून खाली वाचीत असतानाच घंटा होते. दोन-चार तास असे गेले म्हणजे हे मूल, मेनू वाईट लावला आहे, असे म्हणत नाही. ते म्हणते, मला संगणक जमत नाही. हा समज एकदा मनात रुजला की तो काढणे शिक्षकाला फार जड जाते. माझ्या मते ह्या साऱ्या प्रश्नाचे खरे मोल येथे आहे. मेनूतील अडगळ सर्वांना सारखी अडवीत नाही. ज्याच्या वाट्याला संधी कमी, त्याला ती अधिक अडविते.

ह्या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. १९५२ साली विल्यम हिक ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले की, पर्यायांची संख्या वाढली म्हणजे त्यांतून योग्य तो निवडण्यास लागणारा वेळही वाढतो. ही वाढ संथ असते हे खरे. पण ती ओळखीच्या, सरावाच्या पर्यायांची गोष्ट. अनोळखी यादी तर एकेक नाव वाचीतच उतरावी लागते, आणि नवशिक्याला सगळीच यादी अनोळखी असते.

हा दोष केवळ लिनक्सचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. विंडोजमध्ये नोटपॅड होते, शिवाय १९९५ सालापासून वर्डपॅड होते, आणि अनेक यंत्रांवर वर्डही असे. अखेर २०२४ साली विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून वर्डपॅड काढून टाकण्यात आले. चित्रे काढण्याच्या पेंटची कथा तर मनोरंजक आहे. पेंट हा १९८५ च्या पहिल्या विंडोजपासूनचा सोबती. २०१७ साली पेंट थ्रीडी हा नवा प्रोग्राम आला आणि त्याच वर्षी जुन्या पेंटचे नाव बाद होऊ घातलेल्यांच्या यादीत आले. लोकांनी एवढी हळहळ व्यक्त केली की कंपनीला तो राखावा लागला. पुढे २०२४ साली कंपनीच्या दुकानातून नाहीसा झाला तो पेंट थ्रीडी! नवे ते ठेवावे आणि जुने ते टाकावे, हा नियम पुरेसा नाही, एवढा बोध ह्यांतून निश्चित घ्यावा. वापरणाऱ्याचे काम कशाने होते, हीच खरी कसोटी.

ह्याउलट, कमी देण्याची शिस्त काय साधते, तेही पाहण्यासारखे आहे. २००४ साली उबुंटूची पहिली आवृत्ती आली, तेव्हा ती सारी एका सीडीवर मावावी असा दंडक होता. म्हणून एका कामास एकच प्रोग्राम, आणि तोही पारखून घेतलेला, असे धोरण ठेवण्यात आले. पुढे सीडीचा तो दंडक राहिला नाही. तरीही २०२३ सालच्या २३.१० ह्या आवृत्तीपासून मोजकेच प्रोग्राम असलेली मांडणी हीच उबुंटूची मूळ मांडणी ठरविली गेली. अधिक हवे असेल त्याने ते मागून घ्यावे. जागा मुबलक असतानाही मोजके ठेवावेसे वाटले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, पर्याय असणे हे तर स्वातंत्र्याचे लक्षण आहे. मुलांना अनेक वाटा दिसू द्याव्यात, त्यांनी चाचपडत शिकावे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टींतील भेद नीट ओळखला पाहिजे. माझी घरची बोली कोंकणी, आणि मी शिकवितो ते मराठीतून. आमच्या घरात ह्या दोन्ही भाषा नांदतात. त्यांपैकी एक जादा झाली, ती कमी करावी, असे कोणी सुचविले तर मी ते कदापि मान्य करणार नाही. कारण आईशी बोलताना जी ओठी येते आणि वर्गात शिकविताना जी ओठी येते, त्या दोघींचे काम एक नव्हे. वैविध्य म्हणतात ते हेच. परंतु एकाच पिशवीत अगदी एकसारख्या तीन छत्र्या घेऊन कोणी पावसात निघाला, तर त्याला वैविध्याचा उपासक म्हणता येत नाही. तो केवळ ओझे वाहत असतो.

मेनूतही हाच भेद करावा. टक्स पेंट आणि गिम्प हे दोन्ही चित्रे काढण्याचे प्रोग्राम. पण पहिला लहान मुलांसाठी रचलेला, तर दुसरा छायाचित्रांवर बारीक काम करणाऱ्यांसाठी. दोन्ही राहावेत. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्टचा कळफलक आणि उच्चारानुसारी कळफलक, दोन्ही ठेवावेत. मोबाइलवर उच्चारानुसारी लिहिण्याची ज्यांना सवय झाली, त्यांची वाट अडवू नये, आणि मराठी व देवनागरी कोंकणी ह्या दोहोंना एकच कळफलक पुरतो हा इन्स्क्रिप्टचा लाभही सोडू नये. परंतु साधा मजकूर लिहिणारे केट, केराइट आणि जीएडिट असे तीन प्रोग्राम सातवीच्या मुलापुढे एका वेळी उभे करण्यात कोणते स्वातंत्र्य साधते?

उपाय कठीण नाही, आणि त्यासाठी काही नष्ट करण्याचीही गरज नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम एका ठराविक जागी आपली एक छोटी मजकूर-फाइल ठेवतो. तीत त्याचे नाव, त्याचे चित्र, त्याचा वर्ग आणि तो सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली असते. मेनू म्हणजे ह्या सर्व फाइलींचे एकत्र वाचन. ह्या फाइलीत 'नोडिस्प्ले' नावाची एक ओळ घालून तिच्यापुढे 'ट्रू' असे लिहिले की तो प्रोग्राम मेनूत दिसेनासा होतो. मात्र तो यंत्रावर तसाच असतो, आणि त्याला उघडता येणाऱ्या फाइलीतून त्याला बोलावताही येते. माळ्यावर ठेवणे म्हणतात ते हेच. हा बदल मूळ फाइलीत न करता तिची त्याच नावाची प्रत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात नेमलेल्या जागी ठेवून तीत करावा. संगणक त्या प्रतीलाच प्रमाण मानतो, आणि मूळ प्रोग्रामाची नवी आवृत्ती आली तरी आपली निवड टिकते. ज्यांना फाइली हाताळणे नको वाटते, त्यांच्यासाठी मेनू संपादन करण्याचे सोपे प्रोग्रामही मिळतात.

ह्या रीतीचा मोठा लाभ असा की प्रत्येक खात्याचा मेनू वेगळा ठेवता येतो. पाचवीच्या खात्यात टक्स पेंट दिसावा, नववीच्या खात्यात गिम्प दिसावा, यंत्र एकच. थेट काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. लिनक्समध्ये पुष्कळ प्रोग्राम एकमेकांच्या आधाराने उभे असतात, आणि एक काढताना दुसराही सोबत निघून जाण्याचा संभव असतो. प्रथम लपवावे, वर्षभर कोणाला त्याची आठवण झाली नाही, तर मग जाणकाराच्या देखरेखीखाली, सोबत काय काय निघणार आहे ती यादी वाचून, काढून टाकावे. लपविल्याने जागा मोकळी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोकळा होतो तो पडदा आणि पाहणाऱ्याचे मन.

मग निवड करावी कोणी? ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य म्हणून सांगितले. त्याचबरोबर ग्रंथालय हे वाढत राहणारे आहे, हेही त्यांनी मानले. वाढ थांबवावयाची नाही, आणि वाचकाचा वेळही दवडावयाचा नाही. ह्या दोहोंचा मेळ घालतो तो ग्रंथपाल. संगणक-कक्षालाही असा पारखी हवा. तो शिक्षक असावा हे उघड आहे. पण एकट्या शिक्षकाने हे काम करू नये. शिक्षकाला कोणता प्रोग्राम चांगला हे ठाऊक असते. मुलाचा हात नेमका कोठे अडखळतो, हे मुलालाच ठाऊक असते.

म्हणून माझी सूचना अशी. नव्या वर्षाच्या आरंभी संगणकाचा एक तास नववीच्या विद्यार्थ्यांनी ह्या कामासाठी द्यावा. मेनूतील प्रत्येक नाव फळ्यावर लिहावे आणि त्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे मांडावीत: ह्याने कोणते काम होते? तेच काम करणारे दुसरे नाव यादीत आहे का? असल्यास, दोघांत धाकट्या वर्गांना सोपे कोणते? ज्या नावाविषयी मतभेद होईल, ते राहू द्यावे. जे माळ्यावर जाईल, त्याची नोंद वहीत करून ती वही कक्षातच ठेवावी, म्हणजे कोणाला पुढे ते हवे झाले तर खाली काढता येईल. हे करताना मुले केवळ मेनू लावणार नाहीत. प्रत्येक साधनाला त्याचे काम विचारण्याची सवय त्यांना लागेल, आणि ती सवय यंत्राच्या पाठावरून कधी येत नाही.

पालकांनाही एक विनंती. घरच्या संगणकावर आणि मोबाइलवर किती खुणा अशा आहेत की ज्यांना महिनोन्महिने कोणी स्पर्श केलेला नाही, हे एखाद्या रविवारी मुलांना बरोबर घेऊन पाहावे. विकतानाच घालून दिलेल्या कित्येक वस्तू आपण मागितलेल्या नसतात; त्या तेथे असतात, कारण कोणाला तरी त्या आपल्यापुढे ठेवावयाच्या होत्या. आपल्या मांडणीवर काय असावे हे दुकानदाराने ठरवू नये, ते घराने ठरवावे.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वर्षी कक्षात पाऊल टाकणारे पाचवीचे मूल तुमच्या लावलेल्या यादीवरून पहिल्याच तासाला आपले बोट नेमके ठेवू शकले, तर त्याला तुमचे नाव ठाऊक असणार नाही; पण संगणक आपल्याला जमतो, एवढे ते घरी जाऊन निश्चित सांगेल.