गाऱ्हाणं घालायला लाजू नका

घरात आजारपण आलं, अवकाळी पावसानं काजूचा मोहर काळा पडला, किंवा आखातातली नोकरी सुटून मुलगा घरी येऊन बसला, की मोबाइलवर सांत्वनाची रीघ लागते. उगवता सूर्य, गुलाबाची फुलं आणि खाली बायबलमधलं एक गोड वचन. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्यात शंका नाही. पण भल्या पहाटे कसालच्या तिठ्यावर बांबोळीच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईला त्याचा कितीसा आधार होणार? मला वाटतं, फार नाही. दोष वचनाचा नाही. ते ज्या पानावरून उचललं, त्या पानावरचं दुःख पाठवणाऱ्यानं मागेच ठेवलेलं असतं.

म्हणून संकटात बायबल जरूर उघडा, पण सुटी ओळ शोधू नका. स्तोत्रसंहिता काढा आणि त्यातलं एखादं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल तो देवाचा कौल मानायचा, ही सवय आपल्यातल्या काहींना आहे. ती सोडा. घाबरलेल्या माणसाला त्यातून नको ते अर्थ सापडतात.

दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. तेरावं अगदी लहान, पण हे कुठवर चालायचं म्हणून त्यात देवाला चार वेळा विचारलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखातच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही नाही. तरी कुणी ते वगळलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडून जो आक्रोश निघाला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजायला पंडित लागत नाही. गावकार देवापुढे उभा राहून गावावर काय काय आलंय ते सांगत गाऱ्हाणं घालतो आणि भोवतालची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ही स्तोत्रं तशीच आहेत. रडणं, तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी सुनावलं तर त्याला ही पानं दाखवा. ज्याच्यावर भरवसाच नाही, त्याच्याकडे गाऱ्हाणं कोण नेतं?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर दुःख यायचं थांबलं असं मुळीच झालं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायला बसल्या. साध्या बायकांना वाचता यावं अशी त्याची भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. छपाईचं कामही तिथल्या बायकांनीच शिकून केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर वर्षही पुरं झालं नाही तोच, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पण भाषांतर पुरं करून गेल्या. बायबल वाचलं की संकट टळतं, असं सांगणाऱ्यांनी हे चरित्र एकदा वाचावं. संकट टळलं नाही, तरी ही बाई उभी राहिली.

आता समाचाराला जाणाऱ्यांसाठी थोडं. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं ते त्याला पुनःपुन्हा ऐकवत राहिले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, ईयोबाची बाजू खरी ठरली. मयताच्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवायला हवं.

आणि एलीया. एवढा मोठा संदेष्टा, पण थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. असा फोन करणं म्हणजे विश्वास डळमळला, असं अजिबात नाही.

आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. माणसं थोडी, गावं लांब लांब विखुरलेली. प्रत्येक वेळी फादर किंवा पाळक लगेच दारात येतील असं नाही, म्हणून घरातलं बायबल कपाटावरून खाली यायला हवं. जुनी भाषा जड वाटत असेल, तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ मिळवा. ज्याला अक्षरं दिसत नाहीत त्याला नातवंडानं वाचून दाखवावं. नातवंडाच्याही कानावर काही पडेल.

येत्या रविवारी मिस्सा किंवा उपासना आटोपली, की वाडीतल्या एका आजारी माणसाच्या घरी जा. तेरावं स्तोत्र वाचा, थोडा वेळ गप्प बसा, आणि निघताना औषधं आणायची आहेत का, रात्री सोबतीला कुणी हवंय का, ते विचारा.