आधी पारख, मग उपदेश

पुनावळ्याची शेते पाहता पाहता गृहसंकुलांखाली गेली. कारखान्याची पाळी संपवून येणारा कामगार आणि हिंजवडीत रात्र जागवणारा अभियंता येथे शेजारी झाले. व्यसन या दोघांत भेद करीत नाही. परंतु व्यसनमुक्ती केंद्राने दोघांना एकच औषध आणि एकच प्रवचन देणे, हा अविचार होय.

वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांतच झटके व भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून शेवटचे मद्य केव्हा घेतले, पूर्वी झटके आले होते काय, झोपेच्या गोळ्या चालू आहेत काय, जीव द्यावासा वाटतो काय, हे दाखल करून घेतानाच विचारावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली मद्यपानाची तीव्रता जोखण्यास उपयोगी आहे. मात्र विचारणारा शिकलेला नसेल, तर प्रश्नावली हा केवळ कागद! दरडावून विचारले की माणूस लपवितो, आणि लपविलेलेच घात करते.

पुण्यात १९८६ साली उभ्या राहिलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनातून सुटलेल्यांनाच समुपदेशक म्हणून घडविले. अनुभवाला शिक्षणाची जोड मिळाली, हे त्याचे मर्म.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यासक्तीने ग्रासलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार लाभतो. त्या एकाला तरी अजाण हाती सोपवू नये. प्रशिक्षित कर्मचारी नसलेल्या केंद्रास परवाना देऊ नये, अशी आमची शासनाकडे मागणी आहे.