जिद्द कुणात शोधायची?

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थी मागे पडला की निदान तयारच असते : त्याच्यात जिद्द नाही. उपायही ठरलेले : प्रेरणादायी व्याख्यान आणि बक्षीस. ह्याला मानसशास्त्राचा आधार आहे असे मानले जाते. तो आधार तपासायला हवा.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना बक्षिसाचे आमिष आधीच दाखवले. पुढे त्याच मुलांची आपणहून चित्र काढण्याची ओढ घटली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची घटली नाही. गुणांसाठी रसग्रहण घोकून घेणाऱ्या मराठीच्या शिक्षकांनी ह्यावर विचार करावा.

समोरची मिठाई खाण्याचा मोह आवरणारे मूल पुढे यशस्वी होते, हा वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांवरून काढलेला निष्कर्ष व्याख्यात्यांचा लाडका. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी तो मोठ्या नमुन्यावर पडताळला. घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनक्षमता हिशेबात घेताच तो संबंध बराचसा विरला. मग कापूसवेचणीच्या दिवसांत ज्याचा वर्ग बुडतो, त्याच्या स्वभावावर ठपका कशासाठी?

ह्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा पाया घातला गेला. तिच्यावर आक्षेप जरूर घ्यावेत. पण शिकणे जगण्याशी का जुळत नाही, हा प्रश्न तिने शाळेला विचारला होता. आपण तो मुलाच्या गळ्यात बांधून मोकळे झालो आहोत.