भांडी निथळू द्या!

गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ-नऊ दिवस गावी जाऊन आलो. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या डेंग्यू तपासणीच्या ताई दारात उभ्या. मी निर्धास्त होते. कुंड्यांखालच्या बशा जाण्याआधीच पालथ्या घातल्या होत्या, फ्रिजमागचा ट्रे पुसून ठेवला होता, बाथरूममधल्या बादल्या रिकाम्या होत्या. ताईंनी सगळीकडे बॅटरी मारून पाहिली आणि शेवटी ओट्याशी येऊन थांबल्या. “काकू, भांड्यांच्या रॅकखालचा हा ट्रे जरा ओढता का?”

ट्रे ओढला. तळाशी बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि माझ्याच ओट्यावर, धुतलेल्या ताटांच्या बरोबर खाली, डासांची पैदास सुरू होती! ताई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्याकडेच नाही, बऱ्याच घरांत असतं. रॅक सगळे बघतात, ट्रे कुणी बघत नाही.”

त्या दिवसापासून मी भांडी वाळवायच्या रॅककडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. दुकानात किंवा मोबाइलवर आपण रॅक निवडतो तो चकाकी, आकार आणि किंमत पाहून. फार तर किती भांडी मावतील ते विचारतो. पण रॅकचं खरं काम एकच आहे: भांड्यावरचं पाणी लवकरात लवकर घालवणं. ते पाणी भांड्यावरून जाऊन ट्रेमध्ये साचत असेल, तर रॅकनं पाण्याची फक्त जागा बदलली.

पाणी घालवणं इतकं महत्त्वाचं का? जिवाणूंना वाढायला ओलावा लागतो. साबणानं घासून वाहत्या पाण्याखाली धुतलेल्या भांड्यावर ते फार थोडे उरतात. भांडं लवकर कोरडं झालं तर या उरलेल्यांची वाढ थांबते. सगळे मरतात असं नाही, काही चिवट जाती कोरड्यातही टिकतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. तेच भांडं ओलं असताना दुसऱ्या भांड्यात बसवलं की दोहोंच्या फटीत पाण्याचा पापुद्रा अडकतो. तिथं हवा पोहोचत नाही, ओल तासन् तास टिकते. एकात एक रचलेल्या वाट्या सकाळी सोडवताना ‘चप्’ असा आवाज येतो ना, तो त्याच पाण्याचा.

“मग पुसून ठेवावीत की!” असं अनेकींना वाटेल. आपल्याकडे पुसलेलं भांडं म्हणजे स्वच्छ भांडं. पण पुसतो कशानं? ज्या फडक्यानं ओटा टिपला, हात पुसले, कधी गरम पातेलंही उतरवलं, त्याच फडक्यानं. मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये महिनाभर वापरलेले स्वयंपाकघरातले १०० टॉवेल तपासले. त्यांतल्या ४९ टॉवेलांवर जिवाणूंची वाढ आढळली. कोरड्या टॉवेलांपेक्षा ओलसर टॉवेलांवर आणि एकाच कामाऐवजी अनेक कामांना वापरलेल्या टॉवेलांवर ई-कोलाय सापडण्याची शक्यता जास्त होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची जी आदर्श अन्नसंहिता आहे, तीही उपाहारगृहांना निर्जंतुक केलेली भांडी फडक्यानं न पुसता हवेवर वाळू द्यायला सांगते. रोज धुतलेलं, कडकडीत वाळलेलं, फक्त भांड्यांसाठी राखलेलं फडकं असेल तर जरूर पुसा. पण जुलैच्या दमट हवेत असं फडकं रोज कुठून आणायचं?

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, पण त्यांची रीत बरोबर होती. घासलेली भांडी आधी मोरीतल्या टोपलीत निथळायची, मग अंगणात उन्हात पालथी पडायची आणि कोरडी झाली की भिंतीवरच्या मांडणीत जायची. मांडणीत ताटं उभी, दोन ताटांत अंतर, चारी बाजूंनी हवा. दूर फिनलंडमध्ये मैयू गेबहार्ड या बाईंनी १९४४-४५ च्या सुमारास असाच विचार केला. घरकामातले श्रम कमी कसे होतील याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत त्या काम करत. बायकांच्या आयुष्यातले किती तास भांडी धुण्या-पुसण्यात जातात हे पाहून त्यांनी सिंकच्या वरच बसणारं, तळ नसलेलं, तारांच्या फळ्यांचं कपाट आखलं. धुतलेली भांडी थेट त्यात ठेवायची, पाणी सिंकमध्ये ठिबकणार, पुसायचं काम संपलं. फिनलंडच्या घरांत हे कपाट आजही सर्रास दिसतं.

आपण मात्र उलट्या दिशेनं गेलो. नवं घर सजवताना आधी मांडणी भिंतीवरून उतरली, कारण ती ‘जुनाट’ दिसते. तिच्या जागी ओट्याखाली दारं लावलेल्या ट्रॉल्या आल्या. कोरड्या भांड्यांसाठी त्या सोयीच्या आहेत, पण घाईत ओलीच भांडी आत जातात आणि दार लागतं. आत ना हवा, ना उजेड. मग प्लायवूड फुगतं, कुबट वास येतो आणि रात्री दिवा लावला की झुरळं पळताना दिसतात. झुरळांनाही पाणी लागतं, ते आपणच पुरवतो. माझं स्पष्ट मत आहे की स्वयंपाकघराच्या आराखड्यात गॅस आणि फ्रिज यांच्या जागा जशा आधी ठरतात, तशी भांडी निथळायची जागाही आधी ठरली पाहिजे. उरलेल्या कोपऱ्यात ती कोंबायची गोष्ट नाही.

मग रॅक निवडायचा कसा?

पहिल्यांदा बघा, पाणी जातं कुठं. सिंकच्या वर बसणारा किंवा सिंकवर आडवा टाकायचा बिनट्रेचा रॅक सर्वांत चांगला. जागा नसेल आणि ट्रे घ्यावाच लागला, तर त्याला सिंकच्या बाजूला उतार आणि पन्हळीसारखं तोंड हवं. ट्रे एका हातानं सहज निघावा आणि नळाखाली मावावा. जो ट्रे काढायला आधी सगळी भांडी उतरवावी लागतात, तो ट्रे कुणी रोज काढत नाही. मीही काढत नव्हते.

दुसरं, दुकानात जाताना घरचं एक ताट, एक वाटी आणि एक पेला पिशवीतून घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. बाजारातले कित्येक रॅक चिनी मातीच्या पसरट प्लेटांच्या मापाचे असतात. आपलं उभ्या काठाचं मोठं ताट त्यात तिरकं पडतं किंवा शेजारच्या ताटाला चिकटतं. दोन ताटांत बोटभर तरी अंतर राहिलं पाहिजे. वाट्या आणि पेले सपाट पत्र्यावर पालथे घातले तर आत वाफ कोंडते, म्हणून खाली तारांची जाळी हवी. चमच्यांच्या डब्याला तळाशी भोकं आहेत ना, तेही बघा.

तिसरं, धातू. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारं, हा गैरसमज आहे. स्टीलमधलं क्रोमियम पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर धरतं. खारं पाणी साचून राहिलं की तो थर जागोजागी तुटतो. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल माल’ म्हणतात. त्यावर विसंबू नका, कारण ३०४ आणि २०२ दोन्ही चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. त्यापेक्षा बिलावर प्रत लिहून मागा आणि जोडांवर बोट फिरवून पाहा. गंज सुरू होतो तो खरबरीत जोडांपाशी आणि पोकळ नळीच्या टोकाशी. टोकाला नुसतं प्लास्टिकचं बूच असेल तर पाणी आत शिरतं आणि काही महिन्यांनी तपकिरी होऊन ओट्यावर ओघळतं. रंगाचा थर दिलेल्या लोखंडी तारांचा रॅक स्वस्त पडतो, पण पहिला टवका उडाला की त्याचे दिवस भरले. लाकूड आणि बांबू दिसायला छान, मात्र आपल्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी ठरलेली.

चौथं, जागा. रॅक खिडकीजवळ असावा, गॅसजवळ नको, नाहीतर फोडणीचा तेलकट थर धुतलेल्या भांड्यांवर बसतो. मासळी किंवा चिकन ज्या सिंकमध्ये साफ होतं, त्याच्या शेंतोड्यांच्या टप्प्यातही धुतलेली भांडी नकोत. तेवढ्या वेळापुरती ती हलवा.

इतकं करूनही रॅक वाया जातो तो आपल्या सवयीनं. बहुतेक घरांत रॅक कधी रिकामाच होत नाही. सकाळच्या वाळलेल्या भांड्यांवर दुपारची ओली रचली जातात आणि वरचं पाणी खालच्यांवर गळत राहतं. नवी भांडी घासायच्या आधी वाळलेली जागेवर गेली पाहिजेत. भांड्यांना बाई येत असतील तर हे काम त्यांच्यावर ढकलू नका. त्या घाईत असतात, आणि रिकामा रॅक त्यांच्यापुढे ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. शेवटचं पाणी गरम घेता आलं तर स्टीलचं भांडं तापतं आणि भराभर वाळतं. प्लास्टिकचे डबे मात्र उष्णता धरत नाहीत, त्यांवर थेंब तसेच राहतात. मुलांच्या डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, कुकरची रिंग हे सगळं सुटं करून वाळवा. काळी बुरशी आधी धरते ती तिथेच.

घर लहान असतं, ओटा चार फुटांचा असतो, हे मला ठाऊक आहे. अशा घरात दोन खिळ्यांवर टांगलेली जुनी मांडणी किंवा सिंकवर गुंडाळी उलगडून टाकायची सळयांची जाळी पुरते. महागडा रॅक नसला तरी चालेल, साचलेलं पाणी मात्र नको.

त्या सकाळी मी ट्रे घाईघाईनं सिंकमध्ये उपडा करायला निघाले, तर ताईंनी हात धरला. एक तर अळ्या नाल्यात जिवंत जाऊ द्यायच्या नाहीत, कोरड्या जमिनीवर ओतायच्या. दुसरं, एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, सुक्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. म्हणून ट्रे नुसता रिकामा करून भागत नाही, काथ्यानं किंवा ब्रशनं त्याच्या कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो याच हिशेबानं.

आमच्याकडे आता रविवारी सकाळी रॅक पूर्ण रिकामा होतो, साबणानं घासला जातो आणि खिडकीत वाळतो. ट्रे मी टाकूनच दिला. नवा रॅक थेट सिंकवर ठिबकतो. तुमच्या रॅकला ट्रे असेल, तर वर्तमानपत्र बाजूला ठेवलंत की आधी तो ओढून बघा.